अकरा पाण्याचं तवकीर

मित्रांनो, जरा हळू. माझ्या तळाला चीर गेलेली आहे. तुम्ही एकदम उड्या मारून माझ्यात बसलात आणि होडी-होडी खेळू लागलात, की ती करकरते. रागावले नाही हो मी. रागवायलाही अंगात बळ लागतं, ते कधीच सरलं. मी एक जुनी काठवट आहे. लाकडाच्या एका सलग ओंडक्यातून कोरलेली, परातीपेक्षा खोल, धरायला दोन कान असलेली. पलूसच्या अलीकडं धन्यकुमारअण्णांच्या मळ्यात, गोठ्याच्या मागं मी पडून असते. सकाळी माझ्यात म्हशीची सरकी भिजत घालतात, त्यातलं निम्मं पाणी गळून जातं. दुपारी कोंबड्या येऊन चोची मारतात. शाळा सुटली की तुम्ही येता, आणि तुमच्या मागून ती तीन वर्षांची राजमती येते. ती तर माझ्यातून उठायलाच तयार नसते. आज सरकी संपली आहे, म्हणून सवड आहे. एकदाच सांगते. परत परत विचारू नका, मला दम लागतो.

माझा जन्म या सपाटीवरचा नाही. उंब्रजहून आत वळायचं, एस.टी. जिथं थांबते तिथं उतरायचं आणि वर दोन तास चढायचं, की सडा लागतो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. पावसाळ्यात त्या सड्यावर हळदीच्या पानांसारख्या पानांचं एक रोप उगवतं. त्याला चवर म्हणतात. कुणी लावत नाही, कुणी खत घालत नाही. दिवाळीनंतर त्याची पानं वाळून पडतात आणि खाली जमिनीत कंद तयार झालेले असतात, वरून मातकट, आतून पांढरट. कच्चा चावलात तर दिवसभर तोंड कडू राहील. पण त्या कडू कंदाच्या पोटात तवकीर, म्हणजे पांढरं सत्त्व असतं, आणि ते बाहेर काढायला माझ्यासारखी काठवट लागते.

वाडीतल्या जोतिबा सुतारानं मला शिवणीच्या लाकडातून कोरलं. समोर दगडाबाई बसली होती, तिच्यासाठीच मी होत होते. ती सारखी सांगत होती, "जोतिबा, तळ गुळगुळीत ठिव रं. बारकी खाच ऱ्हायली तरी माजं तवकीर तितंच अडकून बसंल."

जोतिबा म्हणाला, "दगडाबाई, तुजं तोंड काय गुळगुळीत न्हाई, पर तळ करतो बग."

मग माझं काम सुरू झालं. कामाचं कौतुक मी काय सांगू? पाणी घ्यायचं आणि स्वस्थ बसायचं, एवढंच. पण स्वस्थ बसणं किती दमवतं ते तुम्हाला शाळेत कळत असेलच. बायका कंद धुऊन, साल खरवडून खरबरीत दगडावर किसायच्या. बोटांची सालटी निघायची. तो कीस पाण्यात कालवून फडक्यातून पिळला, की दुधासारखं पाणी माझ्यात उतरायचं. मग मला कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही. दोन-तीन तासांत वरचं पाणी पिवळसर व्हायचं आणि खाली तळाशी पांढरा थर बसायचा. सगळा कडूपणा वरच्या पाण्यात राहायचा. ते अलगद ओतून द्यायचं, नवं पाणी घालायचं, थर ढवळायचा, पुन्हा बसू द्यायचं. असं सात वेळा. दिवसाला दोन पाणी, कधी तीन. सातव्या पाण्यानंतर थर असा घट्ट व्हायचा की उलथन्यानं उचकटावा लागे. मग वड्या मोडून उन्हात वाळवायच्या. वाळलेलं तवकीर चिमटीत धरून चोळलं की करकर वाजतं. वाजलं नाही तर समजा आत ओल आहे. जिभेवर ठेवलं तर त्याला कसली म्हणून चव नाही. नीट वाळलेलं बरणीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

दगडाबाईचे दोन नेम होते. सात पाण्यांशिवाय तोंडात घालायचं नाही, हा एक. दुसरा असा, की कंद उकरल्यावर त्यातलं अंगठ्याएवढं बारकं पिल्लू परत खड्ड्यात ठेवायचं आणि टाचेनं माती दाबायची. तिची लेक रंगूबाई हे दोन्ही नेम बघत मोठी झाली. रंगूबाईचं लग्न फौजेतल्या नाथाजीशी झालं तेव्हा तिच्याबरोबर भांडीकुंडी फारशी नव्हती, मी होते.

नाथाजी पेन्शनीवर येऊन दोनच वर्षांनी गेला. मुलगा कृष्णात ट्रॅक्टर चालवायला शिकला आणि इथं अण्णांच्या मळ्यात कामाला लागला. राहायला गोठ्याजवळची खोली मिळाली. रंगूबाईही आली. मी एस.टी.च्या टपावर पालथी बांधलेली, वर दोन पोती कंदांची. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्यात काय सोनं हाय का?" रंगूबाई म्हणाली, "पोराबाळांची पोटं हाईत ह्यात, नीट बांद."

दर वर्षी दिवाळीनंतर ती डोंगरात जायची, भाऊ आकारामबरोबर सड्यावर खणायची आणि पोती घेऊन यायची. मळ्यातल्या, वस्तीवरच्या बायका वाटी घेऊन दारात यायच्या. कुणाच्या बाळाला दात येताना ढाळ लागलेले, कुणाला उन्हाळी लागलेली, कुणाचा उपास. रंगूबाई प्रत्येकीला वाटीभर द्यायची आणि प्रत्येकीवर ओरडायची, "आदी गार पाण्यात कालव, मंग उकळत्यात वत. एकदम टाकशील तर गाठी हुतील, आन मंग माज्या नावानं खडं फोडशील!" पांढरं पाणी ढवळता ढवळता काचेसारखं स्वच्छ होतं, तेव्हा उतरवायचं. साखर घाला, मीठ-ताक घाला, दुधात खीर करा. पोटाला जड नाही. अंगावर घामोळं आलं तर कोरडंच चोळायचं. लोक म्हणत, रंगूच्या हाताला गुण आहे. मला कुणी काही म्हणत नसे, पण वाहून गेलेलं पाणी आणि खाली राहिलेलं पांढरं मी बघत होते. मला तेवढं पुरे होतं.

आता खरी गोष्ट.

बहात्तरचा दुष्काळ संपला, त्याच्या पुढच्या थंडीत अण्णांच्या आई प्रभावती आजारी पडल्या. सगळा मळा त्यांना आक्का म्हणायचा. पोटात काही ठरेना. सांगलीच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, हलकी पेज द्या. दुकानातून तवकिराची पुडी आणली, त्यानं पोट आणखीच फुगलं. त्यात कसलं पीठ मिसळलेलं होतं देव जाणे. आक्का अंथरुणाला खिळल्या. तेव्हा त्यांची सून त्रिशला वाटी घेऊन आमच्या खोलीवर आली.

रंगूबाईनं बरणीतलं दिलं. पेज पोटात ठरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरली. आठवड्याभरात आक्का उशीला टेकून बसल्या, महिन्याभरात काठी घेऊन परसदारापर्यंत आल्या. सूर्य मावळायच्या आधी एक वाटी पेज, एवढंच त्यांचं जेवण. बरणी संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "रंगू, नवं काढशील ते माझ्या डोळ्यांपुढं काढ. पाणी गाळून घेऊ."

मग कृष्णात मला डोक्यावर घेऊन अण्णांच्या वाड्याच्या परसात ठेवू लागला. कीस रंगूबाई खोलीवरच करायची, दगड तिथं होता. ओला कीस फडक्यात बांधून आणायची आणि परसात पिळायची. दर पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं. गाळून झालं की आक्का ते फडकं परत विहिरीत खळबळायला लावायच्या. "त्यात बारके जीव असत्यात गं. ज्याचं पाणी त्यात सोड." रंगूबाईला ते फार आवडलं. ती बादलीला दोरी बांधून फडकं खाली सोडायची आणि मान डोलवायची. दोघींचं सूत जुळलं. एक ओरडायची, दुसरी हसायची.

ते दूध कशाचं, हे वाड्यात कुणी विचारलं नाही. सपाटीवरच्या माणसाला तवकीर म्हणजे पुडीतली पांढरी पूड. ती झाडाला लागते की गिरणीत होते, कोण विचार करतो? आणि रंगूबाईला सांगायचं सुचलं नाही, कारण तिला तर जन्मापासून माहीत होतं. तिला वाटायचं, जगाला माहीत आहे.

महाशिवरात्रीला रंगूबाईचा उपास. तिनं रताळी उकडली आणि त्यातली दोन पानात गुंडाळून परसात आणली.

"आक्का, ही घ्या. साखरंवानी गोड हाईत."

आक्का हसल्या. "ठेव तिथं. घरातले खातील. मला चालत न्हाई गं."

"का वो? पोटाला बादत न्हाईत."

"पोटाचं न्हाई. मी जमिनीखालचं खात न्हाई. लगीन होऊन आले त्याच साली गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला, तवा त्यांच्यापुढं सोडलं. पन्नास वर्सं होत आली. बटाटा न्हाई, रताळं न्हाई, मूळ म्हणून काय न्हाई. घरातले खात्यात, मी त्यांना काय म्हणत न्हाई. पण एका मुळात किती जीव असत्यात ते आपल्याला मोजता येत न्हाई बघ."

रंगूबाईचे दोन्ही हात माझ्या काठावर होते. ते तिनं झटकन काढून घेतले. माझ्यातलं पाणी हललं आणि बसत आलेला थर पुन्हा गढूळ झाला. मळ्यात कांदा पिकतो, घरात बटाट्याची भाजी शिजते, मग आक्कांचं ताट वेगळं असेल हे तिच्या डोक्यात कसं यावं? पण आलं असतं तर बरं झालं असतं. दोन महिने तिनं आपल्या हातानं त्या म्हातारीला मूळच खाऊ घातलं होतं.

संध्याकाळी खोलीच्या दारात तिनं कृष्णाताला सांगितलं. तो ट्रॅक्टरचं तेल हाताला पुसत होता.

"आये, तू गप बस. त्यांस्नी ठावं न्हाई, म्हंजी त्यांस्नी पाप बी न्हाई. आन सांगितलंस तर? अण्णा म्हणतील, ह्यांनी आमची आई बाटवली. काम जाईल, खोली जाईल. जायचं कुटं मग? डोंगरात तुज्या भावाचंच भागंना."

"व्हय रं," रंगूबाई म्हणाली. "पर त्या माज्याकडं बगून हासत्यात. त्येचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिनं विहिरीजवळ त्रिशलावहिनीला गाठलं आणि सगळं सांगितलं. वहिनीच्या हातातली घागर खाली आली. पण ती रागावली नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि रंगूबाईचे हात धरले.

"मावशी, तुमच्या पाया पडते, आत्तींना सांगू नका. त्या उठून बसल्यात, हसायला लागल्यात. सांगितलं तर आजपासनं वाटी बंद करतील, ओळखते मी त्यांना. हळद खातातच की, सुंठ खातात, ती काय झाडाला लागते? पाप लागायचं असंल तर मला लागू दे."

आता मला सांगा, यात वाईट कोण होतं? मुलगा आईची काळजी करत होता, सून सासूची. दोघांचंही बरोबर होतं. फक्त रंगूबाईला जेवण जाईना.

ती गप्प राहिली. कीस आणायची, पिळायची, माझ्यापुढं बसायची. सात पाणी झाली तरी उठायची नाही. आठवं घालायची. नववं घालायची. मला तिच्या हातातून कळायचं. त्या थरातून मूळ धुऊन जावं, नुसतं पांढरं राहावं, असं तिला वाटत होतं. तसं होत नाही, मित्रांनो. कडूपणा जातो, माती जाते, वास जातो. पण ते आलं कुठून, ते काही पाण्यानं जात नाही. अकरा पाणी झाली. तिच्या बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली.

आक्का काठी टेकत बाहेर आल्या. "रंगू, तुझं चाललंय काय? सातात होत होतं ते आता अकरा? विहीर आटवतीस का माझी?"

रंगूबाईनं वर बघितलं नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं एक कंद काढला, माती न धुतलेला, आणि माझ्या काठावर ठेवला.

"आक्का, ह्ये बगा. तवकीर ह्याचं असतंय. चवर म्हणत्यात. जिमिनीतनं उकरून काडतो आमी. मला तुमचा नेम ठावं न्हवता. शिवरातीला कळला." एवढं बोलून ती रडायला लागली. "आक्का, मी तुमास्नी मूळ खाऊ घातलं वो. माज्या हातानं घातलं."

त्रिशलावहिनी दारात उभी होती. आक्कांनी तिच्याकडं बघितलं. वहिनीनं मान खाली घातली, आणि आक्कांना कळायचं ते कळलं.

"आत्ती, हळद चालते, सुंठ चालते," वहिनी घाईघाईनं म्हणाली. "औषध म्हणूनच होतं हे. तुमची तब्येत..."

"त्रिशला, शब्द देताना मी सोय बघितली नव्हती. आता कशाला बघू?"

त्यांनी कंद उचलून हातात घेतला. अंगठ्यानं त्याची माती पुसली. मग रंगूबाईला विचारलं, "शिवरात्र होऊन किती दिस झाले?"

"आठ."

"आधीचे दोन महिने अजाणता झालं, त्याचं मला काय वाटत न्हाई. हे आठ दिस मात्र लागले गं जिवाला." त्यांनी कंद परत माझ्या काठावर ठेवला. "पण सांगितलंस. माझं मला परत दिलंस. रडू नगं."

आणि मग त्यांनी एक विचारलं, जे माझ्या लाकडालाही अपेक्षित नव्हतं. "पोत्यात अजून किती हाईत हे?"

"पाऊण पोतं."

"जिवंत हाईत?"

"डोळं हाईत त्यांस्नी, आक्का. पावसात फुटतील. आमी बी तुमच्यावानीच करतो. तुमी फडक्यातलं जीव इहिरीत सोडता, तसं आमी बारकं पिल्लू परत खड्ड्यात ठिवतो."

"मग ही सगळी परत लावून ये. मी खाल्ली ती काय परत येत न्हाईत. ही तरी जाऊ देत."

त्या दिवशी आक्कांनी काहीच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रंगूबाई पहाटेच्या एस.टी.नं पोतं घेऊन डोंगरात गेली. आकारामला वाटलं, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला. लोक सड्यावरून कंद खाली नेतात, ही वर घेऊन आली! तरी त्यानं कुदळ घेतली. दोघांनी दिवसभर खड्डे केले आणि पाऊण पोतं कंद परत मातीत दाबले. माझ्यातलं ते अकरा पाण्याचं तवकीर वाळवून रंगूबाईनं एका बरणीत भरलं आणि खोलीच्या कोनाड्यात ठेवून दिलं. ते तिनं कुणाला दिलं नाही.

डोंगरातून येताना एस.टी.त तिला सुचलं. तांदूळ धुताना पाणी पांढरं होतं, मग तेही खाली बसत असेलच की. आल्या आल्या तिनं तांदूळ भिजवले, पाट्यावर वाटले, गाळलेल्या पाण्यात कालवून फडक्यातून पिळून माझ्यात सोडले. सकाळी घातलं ते दुपारी बसलं. सूर्य मावळायच्या आत वाटी तयार.

आक्कांनी विचारलं, "कशाचं?"

"तांदळाचं. तुमच्याच कणगीतल्या. मूळ न्हाई, आक्का, शप्पत."

"शपथ कशाला? तू सांगितलंस की झालं," असं म्हणून आक्कांनी वाटी तोंडाला लावली.

ते पोटात ठरायचं, पण तवकिरासारखं नाही. खोटं कशाला सांगू? कधी ठरायचं, कधी नाही. डॉक्टर येत होते, औषध चालू होतं. चार महिने आक्का तेवढ्यावर राहिल्या. रोज रंगूबाई माझ्यापुढं बसायची आणि आक्का खिडकीतून बघायच्या. आषाढात त्या गेल्या. जायच्या आधी अण्णांना बोलावून म्हणाल्या, "कृष्णाताला आणि त्याच्या आईला मळ्यातनं हलवायचं न्हाई." अण्णांनी ते पाळलं.

दिवस झाल्यावर त्रिशलावहिनी आमच्या दारात आली. रंगूबाई मला धूत होती. वहिनी उभ्या उभ्या म्हणाली, "मावशी, तुम्ही गप्प बसला असता तर आत्ती आज असत्या."

एवढंच बोलली आणि गेली. असत्या की नसत्या, मला माहीत नाही. मी लाकूड आहे. रंगूबाईनं मला पुसलं, भिंतीला टेकवलं, आणि पुढं तीन वर्षं ती डोंगरात गेली नाही. बायका वाटी घेऊन आल्या, तर म्हणायची, "न्हाई आता. दमले मी." वहिनी वाटेत भेटली तर तोंड वळवून जायची. मला कुणीतरी गोठ्यामागं आणून टाकलं. लाकडाला पाणी लागतं. दोन उन्हाळे कोरडी पडले, तेव्हा ही चीर गेली. त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं. नंतर वाईट वाटायचाही कंटाळा आला.

मग सत्त्याहत्तरचा उन्हाळा आला. त्रिशलावहिनीचं पहिलंच मूल, आठ महिन्यांची मुलगी, तिला दात येत होते. ढाळ लागले. डॉक्टरांचं औषध सुरू झालं, पण पोरीच्या पोटात दूध ठरेना, पेज ठरेना. डोळे आत गेले. रडायचा आवाजसुद्धा बारीक झाला. वाड्यात चूल पेटेना.

भर दुपारी वहिनी गोठ्यापाशी आली. हातात वाटी. रंगूबाई सरकी चाळत बसली होती.

"मावशी, तवकीर हाय का?"

रंगूबाई खोलीत गेली आणि कोनाड्यातली बरणी घेऊन आली. झाकण उघडलं. चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली. तीन वर्षं झाली होती, तरी करकर वाजलं. जिभेवर ठेवलं. कडू नाही, आंबट नाही, काही नाही. पण वाटीत ओतायच्या आधी तिचा हात थांबला.

"वैनी, आदी ऐका. ह्ये मुळाचं हाय. डोंगरातल्या चवरीचं." तिनं बरणीवर हात ठेवला. "आन ह्ये आक्कांसाटी काडल्यालं. अकरा पाण्याचं. त्यांनी न खाल्ल्यालं. चालंल का?"

वहिनी माझ्या काठावर बसली. पदर तोंडाला लावला.

"चालंल मावशी. दुकानातनं कालच पुडी आणलीया. पण त्यात काय हाय ते सांगणारं कुणी न्हाई. तुम्ही सांगता. नको म्हटलं तरी सांगता. म्हणून तर आले."

तिनं वाटी पुढं केली. रंगूबाईनं ती आपल्या हातात घेतली आणि मग तवकीर घातलं. मग आपली जुनी ओरड केली, तीन वर्षांत पहिल्यांदा, "आदी गार पाण्यात कालवा, वैनी! आन औषद बंद करू नगा!" ओरडता ओरडता तीही रडत होती.

पहिल्या दिवशी दोन चमचे ठरले. तिसऱ्या दिवशी पोर मोठ्यानं रडली आणि तिचं रडणं ऐकून सगळा मळा हसला.

ती पोर कोण, ओळखलंत ना? तीच ही राजमती, आत्ता माझ्या चिरेत बोट घालून बसलेली. घाल बाई, तुला मी काही म्हणत नाही.

त्या साली दिवाळीनंतर रंगूबाई पुन्हा डोंगरात गेली. तिनं परत लावलेले कंद चार पावसाळ्यांत इतके पसरले होते की वाडीतली माणसं त्या तुकड्याला आक्काचं रान म्हणू लागली होती. आक्का कोण, हे तिथं कुणालाच माहीत नाही. रंगूबाईनं थोडे घेतले, बारके परत दाबले. आता ती ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तवकीर काढते, कारण माझ्यात पाणी ठरत नाही. त्याचं मला दुःख आहे. पातेल्याला पांढऱ्याची काय कदर? पण जाऊ दे.

बायका पुन्हा वाटी घेऊन येतात. रंगूबाई प्रत्येकीला अजूनही आधी सांगते, "ह्ये मुळाचं हाय बरं का. तुमच्यात चालतंय न्हवं?" बायका हसतात. म्हणतात, "आवं, पोराच्या पोटाला कसलं आलंय मूळ न् फळ! द्या की लवकर." तरी ती उत्तर ऐकल्याशिवाय वाटी भरत नाही.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. खेळून झालं की जाताना माझ्यात तांब्याभर पाणी ओतत जा. लाकूड रात्रंदिवस भिजत राहिलं की फुगतं आणि चीर हळूहळू मिटते, हे जोतिबा सुतार सांगायचा. मला अजून एकदा, एकदाच, तळाशी पांढरा थर बसलेला बघायचा आहे. आणि कुणाला आपल्या हातचं खाऊ घालाल, तेव्हा ते कशाचं आहे हे आधी सांगा. अवघड जातं. रंगूबाईला आठ दिवस लागले होते.

जा आता. राजमती, तू पण ऊठ. तुझी आई पेजेची वाटी घेऊन दारात उभी आहे.